उतारवयात वाढलेलं वजन: स्वभाव कारणीभूत की परिस्थिती?

चौथी_खोली
नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू की नको करत होते, आज लिहितेच.

माझी आई ६९ वर्षांची आहे. ३४ वर्षं शिक्षिका होती. पहाटे पावणेसहाला उठणार म्हणजे उठणार, बिलं मुदतीच्या आधी भरलेली, कपाटातल्या घड्या सगळ्या एका मापाच्या, अशी बाई. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली आणि या तीन वर्षांत तिचं वजन १२ किलोंनी वाढलंय. गुडघे दुखतात, जिना चढली की धाप लागते, बाहेर जाणं जवळपास बंदच झालंय.

मागच्या रविवारी जेवताना धाकटा भाऊ बोलून गेला, "आई, तुझा तोंडावर ताबाच राहिला नाही." तो वाईट नाहीये, काळजीनेच बोलला, पण आई ताटावरून तशीच उठली आणि खोलीत जाऊन बसली. तेव्हापासून ती आमच्यासमोर जेवत नाही. मला वजनापेक्षा हे जास्त लागलंय.

भावाचं म्हणणं असं की शेवटी हा स्वभावाचा प्रश्न आहे, ज्याला मनावर घ्यायचंय तो घेतो. मी म्हणते जी बाई आयुष्यभर शिस्तीत जगली तिचा स्वभाव सहासष्टाव्या वर्षी अचानक बदलला कसा? की स्वभाव तोच आहे आणि आजूबाजूचं सगळं बदललं? तुमच्या घरात, ओळखीत, वाचनात काय आहे ते लिहा प्लीज. आणि तिच्याशी आता बोलायचं कसं, हेही.

दुपारची_झोप
वाचतेय. सासूबाईंचं अगदी हेच चाललंय, फक्त घरात बोलणारे दोघे आहेत.

शेवटचा_बाक
चांगला धागा. या विषयावर थोडं वाचलेलं आहे म्हणून लिहितो, लांबेल जरा.

मानसशास्त्रात स्वभाव मोजताना पाच गुण धरतात: नवं स्वीकारायची तयारी, कर्तव्यदक्षता (म्हणजे शिस्त, नेटकेपणा, ठरवलेलं पार पाडणं), बहिर्मुखता, जुळवून घेणं आणि भावनिक अस्थिरता, म्हणजे चिंता, उदासी, मन पटकन ढवळून निघणं. अमेरिकेत बाल्टिमोरला १९५८ पासून एक अभ्यास चालू आहे, तीच माणसं वर्षानुवर्षं परत परत तपासतात. त्यातल्या जवळपास २,००० लोकांची पन्नासेक वर्षांची वजनं आणि त्यांचे स्वभाव असं दोन्ही ताडून २०११ मध्ये एक शोधनिबंध आला. त्यात उतावळेपणात सगळ्यात वरच्या १० टक्क्यांतली माणसं सगळ्यात खालच्या १० टक्क्यांपेक्षा सरासरी ११ किलोंनी जड निघाली. आणि ज्यांची भावनिक अस्थिरता जास्त, शिस्त कमी, त्यांचं वजन सारखं वरखाली होत राहायचं.

नंतर २०१३ मध्ये नऊ मोठ्या अभ्यासांतली ७८,९३१ माणसं एकत्र करून पाहिलं तेव्हा पाचांपैकी एकच गुण ठामपणे उरला, कर्तव्यदक्षता. ती जास्त असेल तर लठ्ठपणाची शक्यता कमी, आणि आधी लठ्ठ असलेल्यांपैकी त्यातून बाहेर येणारेही थोडे जास्त. तेव्हा स्वभावाचा काही संबंधच नाही असं म्हणता येणार नाही.

पायवाट
@शेवटचा_बाक, माहिती चांगली आहे पण मला या सगळ्याची भीती वाटते. "स्वभाव" म्हटलं की झालं, घरचे मोकळे, समाज मोकळा, सगळं खापर त्या म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर. शिस्त पाळायला आधी काहीतरी हाताशी लागतं ना? चालायला धड रस्ता, बसायला सावली, वेळ, पैसा, डोक्याला थोडी शांतता.

अमेरिकेतच १९९४ ते १९९८ मध्ये एक मोठा प्रयोग झाला. गरीब वस्तीत राहणाऱ्या साधारण ४,५०० बायकांमध्ये चक्क चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून काहींना बऱ्या वस्तीत घर घ्यायला मदत दिली आणि बाकीच्यांना नाही. दहा-पंधरा वर्षांनी पाहिलं तर मदत मिळालेल्यांत अतिलठ्ठ बायकांचं प्रमाण दर शंभरात चार-पाचने कमी. या बायकांना कोणी डाएट शिकवलं नव्हतं आणि कोणी त्यांचा स्वभावही बदलायला गेलं नव्हतं, नुसती वस्ती बदलली. त्या म्हाताऱ्या नव्हत्या हे मान्य, तरुण आया होत्या, पण आज जी बाई ७० ची आहे तीही कधीतरी कुठल्यातरी वस्तीत ३० ची होतीच की. वजन काय एका रात्रीत येतं का, आयुष्यभराची परिस्थिती अंगावर साठत जाते.

शेवटचा_बाक
@पायवाट, अजिबात वाद नाही. मी आकडे दिले ते हजारो लोकांच्या सरासरीचे आहेत. एका माणसाकडे बघून "तू शिस्तशीर नाहीस म्हणून तू लठ्ठ" असं म्हणणं त्यातून निघतच नाही, फरक तेवढा मोठा नाहीच. आणि गंमत बघा, वय वाढतं तशी माणसं सरासरीने जास्त जबाबदार आणि जास्त जुळवून घेणारी होतात, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. म्हणजे नुसत्या स्वभावावर असतं तर पन्नाशीनंतर वजनं उतरायला हवी होती.

चौथी_खोली, तुमच्या आईंच्या बाबतीत मला एक शंका आहे. त्यांची शिस्त शाळेच्या घंटेला आणि घरातल्या माणसांच्या वेळांना बांधलेली होती. घंटा बंद झाली, तरी निदान बाबांच्या जेवणाची वेळ होती. तीही गेली. आता शिस्त लावायची कशाला?

चौथी_खोली
हे वाचून मी पाच मिनिटं फोन बाजूला ठेवून बसले. बाबांना मधुमेह होता, त्यांच्या जेवणाच्या आणि गोळ्यांच्या वेळा ती एक मिनिटसुद्धा चुकू द्यायची नाही. ते गेल्यावर ती महिनाभर त्या वेळांना उठून स्वयंपाकघरात जायची आणि परत यायची.

निळी_शाई
मी वृद्धांच्या तपासणीचं काम करते म्हणून आधी रोखठोक मुद्दे, मग भावनेचं.

एक, वजन कमी वेळात १२ किलो वाढलं असेल तर सगळ्यात आधी औषधांची यादी काढा. स्टिरॉइड्स, इन्सुलिन आणि मधुमेहाच्या काही गोळ्या, नैराश्यावरची काही औषधं (मर्टाझपीन, अमिट्रिप्टिलीन), मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी देतात ती प्रीगॅबॅलिन आणि गॅबापेंटिन, या सगळ्यांनी वजन वाढू शकतं. थायरॉइड तपासा. पायावर सूज असेल, रात्री आडवं झाल्यावर धाप लागत असेल तर ते चरबीचं वजन नसून अंगात साठलेलं पाणी असू शकतं, मग डॉक्टरकडे जायला वेळ लावू नका. औषध मात्र मनाने बंद करायचं नाही, लिहून देणाऱ्यालाच विचारायचं.

दुसरं, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा. ३० च्या वर लठ्ठ ही जागतिक आरोग्य संघटनेची रेघ, आशियाई लोकांसाठी २३ पासूनच सावध व्हा म्हणतात. पण वयाबरोबर पाठीचे मणके दबतात, उंची कमी होते, त्यामुळे वजन तेवढंच असून बीएमआय वाढलेला दिसतो. उंची तरुणपणीची धरताय की आजची, तेवढं बघा. आणि ६५ च्या पुढच्या जवळपास दोन लाख लोकांचे अभ्यास एकत्र केले तेव्हा मृत्यूचं प्रमाण सगळ्यात कमी साधारण २४ ते ३१ या बीएमआयला दिसलं. म्हणजे तरुणांसाठी जे "जास्त वजन" ते म्हाताऱ्यांत तेवढं घातक दिसत नाही. याचा अर्थ गुडघेदुखी आणि धाप चालवून घ्यायची असा नाही.

तिसरं आणि महत्त्वाचं. उतारवयात नुसती चरबी वाढत नाही, सोबत स्नायू झिजतात. या झिजेला सार्कोपेनिया म्हणतात, हा शब्द १९८९ चा. वजनकाट्यावर दोन्ही एकत्र दिसतं आणि फसायला होतं. अशा माणसाला उपाशी ठेवून वजन उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात, मग खुर्चीतून उठणंही जड. २०११ चा एक नीट अभ्यास आहे, १०७ लठ्ठ ज्येष्ठ, वर्षभर. नुसतं कमी खाणारे, नुसता व्यायाम करणारे, दोन्ही करणारे, काहीच न करणारे. शारीरिक क्षमता सगळ्यात जास्त सुधारली ती दोन्ही करणाऱ्यांची. तेव्हा "आई कमी खा" एवढंच सांगणं अर्धवट आहे, त्याने नुकसानही होऊ शकतं.

रानजाई
@निळी_शाई ताई, किती छान समजावलंत. सेव्ह करून ठेवलं.

हिशोबाची_वही
स्वभाव, परिस्थिती सगळं ठीक, पण तिसरा भिडू विसरताय, अनुवंश. डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या मुलांचा अभ्यास झाला होता, १९८६ मध्ये छापून आला. मोठेपणी त्यांचं वजन जन्मदात्या आईबापांच्या वजनाशी जुळलं, वाढवणाऱ्यांशी नाही. १९९० मध्ये वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांचं पाहिलं, तिथेही तेच. त्यामुळे माझ्या मते निम्म्याहून जास्त गोष्ट जन्मतःच ठरलेली असते.

पायवाट
@हिशोबाची_वही, अनुवंश तर हजारो वर्षं तोच आहे ना हो? मग १९९० पासून २०२२ पर्यंत जगभरात मोठ्या माणसांतला लठ्ठपणा दुपटीहून जास्त कसा झाला? जीन्स तीस वर्षांत बदलत नाहीत.

हिशोबाची_वही
बरोबर आहे. मला म्हणायचं होतं की एकाच घरात, एकाच ताटातलं खाऊन एक वाढतो आणि एक नाही, ते अनुवंशाने कळतं. सगळ्यांचीच वजनं का वाढली ते त्याने कळत नाही. दोन वेगळे प्रश्न आहेत, मी एकात घातले.

कडीकोयंडा
मी ७३ वर्षांचा. सहसा वाचून जातो, पण चौथी_खोली, तुमच्या आईंबद्दल वाचलं आणि राहवलं नाही.

आमची ही गेली त्याला सहा वर्षं झाली. पहिल्या वर्षात माझं वजन ९ किलो उतरलं. जेवायचं भानच नव्हतं, पॅन्टी सगळ्या सैल. मुलगा घाबरला, लेक घाबरली, जो येईल तो खायला घेऊन येई. मग दुसऱ्या वर्षापासून उलटं सुरू झालं. मी टीव्हीसमोर बसून खायला लागलो. भूक म्हणून नाही बरं का. जेवण संपलं की घरात काही आवाजच उरत नसे, म्हणून मी ते संपवायचोच नाही, थोडं थोडं घेत राहायचो. ताट हातात आहे तोवर काहीतरी चालू आहे असं वाटायचं. रात्री दहाला जेवायला बसलेला माणूस साडेअकरापर्यंत खातोय. दोन वर्षांत गेलेले ९ किलो परत आलेच, वर आणखी ११.

मी आयुष्यभर बोलघेवडा माणूस, चार लोकांत रमणारा. ही अबोल होती. लोक म्हणायचे याला काही चिंता नाही, हा एकटा पडणार नाही, माणसं जोडून आहे. पण माणसं जोडणारा तरी घरात कुणीतरी वाट बघतंय म्हणून बाहेर जातो हो. परत येऊन सांगायला कोणी नाही म्हटल्यावर बाहेर जायचीही मजा गेली. माझा स्वभाव बदललेला नव्हता, त्याला जागा राहिली नव्हती.

फरक पडला तो एका साध्या गोष्टीने. शेजारचा एक विधुर माणूस, तो म्हणाला आपण दुपारचं जेवण एकत्र करू, तुमचं तुम्ही आणा, माझं मी. आता आम्ही पाचजण आहोत. बाराला बसतो, एकला उठतो, एकला म्हणजे एकला, कारण एकाला पुढे वामकुक्षी लागते. वजन दीड वर्षात ८ किलो उतरलं, मी काही ठरवून केलं नाही.

रानजाई
काका 🙏

दुपारची_झोप
काका, "ताट हातात आहे तोवर काहीतरी चालू आहे" हे मी आज सासूबाईंना न सांगता त्यांच्या शेजारी जाऊन बसणार आहे, एवढंच.

मोरपीस_२
काकांच्या पाचजणांवरून आठवलं. २००७ मधला एक गाजलेला अभ्यास आहे, अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातली १२,०६७ माणसं, ३२ वर्षांची नोंद. एखाद्याचा मित्र लठ्ठ झाला की त्या माणसाची लठ्ठ होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढलेली दिसली, नवराबायकोत ३७ टक्के. शेजाऱ्यांचा काही परिणाम नाही, मैत्रीचा मात्र आहे! मित्र शेकडो मैलांवर असला तरी.

रानजाई
अगं म्हणजे आता मैत्रिणी वजन बघून निवडायच्या का? माझ्या तर सगळ्यात जिवाभावाच्या तिघी सगळ्यात गुबगुबीत आहेत आणि मी एकीलाही सोडणार नाही 😊

मोरपीस_२
नको नको, सोडू नकोस! त्या अभ्यासावर नंतर बरीच टीकाही झाली, की मुळात सारखी माणसंच एकमेकांशी मैत्री करतात, एकाच परिसरातल्या गोष्टी दोघांवर परिणाम करतात, हे सगळं वेगळं काढणं अवघड आहे. आणि मैत्री तोडणं त्याहून धोक्याचं. १४८ अभ्यासांतल्या तीन लाखांवर माणसांचं एकत्र गणित केलं तेव्हा ज्यांचे नातेसंबंध भक्कम त्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त निघाली. तिघींना घेऊन चालायला जा.

रातराणी_अंगणात
इथे सगळे एकटेपणाबद्दल लिहितायत, माझं उलटं आहे. मी ६४ ची, घरात माणूस आहे, नवरा. सहा वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली. अंघोळ, जेवण, कूस बदलणं सगळं माझ्याकडे. मुलगी लांब, पैसे पाठवते, तिची काही तक्रार नाही माझी.

दिवसभर मला भूक लागते की नाही तेच कळत नाही. रात्री साडेदहाला ते झोपले की पहिल्यांदा दिवसात मी एकटी असते. तेव्हा जे खाते ते खाणं माझ्यासाठी खाणं नसतंच, ती माझी सुट्टी असते. दिवसातली एकमेव. आणि मग दोनदा-तीनदा उठावं लागतं, झोप तुकड्यातुकड्यात. १७ किलो वाढले सहा वर्षांत. तपासायला गेले तिथे मला छापील कागद दिला, रोज ४५ मिनिटं चाला. मी त्या कागदाकडे बघून रडले. ४५ मिनिटं यांच्याजवळ कोण बसणार ते त्यावर लिहिलेलं नव्हतं.

मी शिस्तीची नाही असं कोणी म्हणू दे. सहा वर्षांत यांना एकदाही पाठीला जखम झालेली नाही.

पायवाट
रातराणी ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यासाठी उभं राहून नमस्कार. मी वर जे सांगायचा प्रयत्न करत होते ते तुम्ही पाच ओळींत सांगितलंत.

निळी_शाई
ताई, झोप मोडत राहिली की भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं आणि पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन कमी होतं, म्हणजे रात्रीची ती भूक नुसती मनाची नाही, शरीराचीही आहे. तुमच्याकडे सलग ४५ मिनिटं नसतील तर १० च्या तुकड्यांत करा, घरातल्या घरात, तेही धरलं जातं. सरासरी ७२ वयाच्या १६,००० हून जास्त बायकांच्या अभ्यासात रोज २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि साधारण ७,५०० च्या पुढे आणखी फायदा वाढला नाही. १०,००० चा धसका घेऊ नका. आणि मुलीला पैशांबरोबर आठवड्यातून दोन दुपारी बसायला एखादं माणूस लावून द्यायला सांगा. ते तुमचं औषध आहे असंच सांगा.

हिशोबाची_वही
अवांतर: रोज सकाळी वजन करावं की आठवड्याने? घरात वाद चालू आहे.

निळी_शाई
आठवड्याने, एकाच वाराला, एकाच वेळी. ज्यांना आकडा बघून दिवसभर उदास वाटतं त्यांनी महिन्याने केलं तरी चालेल.

वळणावरचं_झाड
उदास वाटण्यावरून लिहिते. मी ६१, लहानपणापासून जाड. आता आता नाही, पहिल्यापासून. माझ्या अनुभवात वजनापेक्षा वजनावरून बोलणाऱ्यांनी माझं जास्त नुकसान केलं.

चार वर्षांपूर्वी कंबरेत सणक मारायची, पाय बधिर व्हायचा. तीन ठिकाणी दाखवलं, तिन्ही ठिकाणी टेबलापलीकडून एकच वाक्य, वजन कमी करा. हात लावून कोणी बघितलं नाही. चौथ्या ठिकाणी एमआरआय काढला तेव्हा मणक्यातली गादी सरकलेली निघाली. मधल्या आठ महिन्यांत मी अंथरुणाला खिळून आणखी जाड झाले.

आणि हे फक्त माझं नाही. इंग्लंडमध्ये पन्नाशीपुढच्या २,९४४ लोकांना चार वर्षं पाहिलं. ज्यांना वजनावरून वाईट वागणूक मिळाल्याचं त्यांनी सांगितलं त्यांचं सरासरी जवळपास १ किलो वाढलं, ज्यांना मिळाली नव्हती त्यांचं ०.७ किलो उतरलं. अमेरिकेतल्या ६,००० हून जास्त प्रौढांच्या अभ्यासात वजनावरून भेदभाव सोसलेली, पण आधी लठ्ठ नसलेली माणसं पुढच्या चार वर्षांत लठ्ठ होण्याची शक्यता अडीच पट. लाजवून माणूस बारीक होत नाही. चौथी_खोली, तुमच्या भावाला हा प्रतिसाद दाखवा. रागाने नका दाखवू, नुसता दाखवा.

चौथी_खोली
दाखवला. त्याने काही उत्तर दिलं नाही पण बराच वेळ स्क्रोल करत होता, कडीकोयंडा काकांचा प्रतिसाद दोनदा वाचताना दिसला.

उंबरठा
उशिरा येतोय. माझी एक बाजू मांडतो, रागावू नका. इथे आता सगळे परिस्थितीकडे झुकलेत. माझी आई आणि मावशी, दोन वर्षांचं अंतर, दोघी लवकर विधवा झाल्या, दोघींना पेन्शन बेताची, एकाच इमारतीत वर-खाली राहायच्या. मावशी चिंतेने पोखरलेली, जरा काही झालं की खायची, रडायची, परत खायची, मग चार दिवस उपास, परत तेच. आई वेगळ्या घडणीची, दुःख झालं की झाडांना पाणी घालायला जायची. मावशी ९२ किलो, आई ५८. परिस्थिती एकच होती. त्यामुळे स्वभाव आहे, नक्की आहे, त्याला नाकारून मावशीला मदत झाली नसती. तिला मदत झाली ती चिंतेवर उपचार झाल्यावर. समुपदेशन आणि औषध दोन्ही. खाणं त्यानंतर आपोआप आटोक्यात आलं, ती ७९ ला गेली तेव्हा ७४ किलो होती आणि हसरी होती.

शेवटचा_बाक
@उंबरठा, उत्तम मुद्दा आणि यात विरोध नाहीये असं मला वाटतं. स्वभाव आहे म्हणजे दोष आहे असं आपण धरतो तिथे घोळ होतो. मावशींचा चिंतेचा स्वभाव ही पण एक वस्तुस्थितीच, तिला उपचार मिळतो का, कोणी ओळखतं का, तो खर्च परवडतो का, हे परत परिस्थितीवर. एकाच स्वभावाची दोन माणसं वेगळ्या घरात वेगळी होतात आणि एकाच घरात दोन स्वभाव वेगळे. सुटं सुटं करून मोजता येतं कागदावर, घरात नाही येत.

कडीकोयंडा
झाडांना पाणी घालणारी आई आवडली.

दुपारची_झोप
सासूबाईंच्या शेजारी बसले चार दिवस. पाचव्या दिवशी त्या म्हणाल्या, "तू का बसतेस गं रोज, काही झालंय का?" म्हटलं नाही, सहजच. तर म्हणाल्या, मग टीव्ही बंद कर, बोलू. त्यांच्या नातीने म्हणजे माझ्या लेकीने मध्येच येऊन जाहीर केलं की आजीची मांडी बारीक करायची नाही, तिला झोपायला तीच उशी लागते. सासूबाई इतक्या हसल्या!

चौथी_खोली
मंडळी, तीन आठवड्यांनी आले, दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

निळी_शाई ताईंनी सांगितलं तशी औषधांची यादी काढली. गेल्या वर्षी पायाची आग होते म्हणून प्रीगॅबॅलिन सुरू झालेलं होतं. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी डोस हळूहळू कमी करायला घेतलाय, थायरॉइड नॉर्मल आहे. पण वजन त्याच्या आधीपासूनच वाढत होतं, म्हणजे तेवढंच कारण नव्हतं.

दुसरी गोष्ट. मी तिच्या खोलीत ताट घेऊन जायला लागले, माझंही. सल्ला काही द्यायचा नाही असं ठरवलं होतं. नवव्या-दहाव्या दिवशी तिने आपणहून सांगितलं की दोन वर्षांपूर्वी ती बाथरूममध्ये पडली होती. घरात कोणी नव्हतं. अर्धा तास उठता येईना, मग बादलीला धरून उठली, फरशी पुसली, ओले कपडे धुऊन वाळत घातले आणि आम्ही घरी आलो तेव्हा नेहमीसारखी होती. कोणाला सांगितलं नाही, कारण आम्हाला काळजी नको. तेव्हापासून तिने बाहेर जाणं बंद केलं, जिना नको, पाऊस असला तर गॅलरीतही नको, आणि आम्ही समजत होतो आळस.

शेवटचा_बाक, तुम्ही लिहिलं होतं की तिची शिस्त आता कशाला लावायची. ती शिस्त सगळी न पडण्यावर लागली होती हो. तिने न पडण्याचं वेळापत्रक केलं होतं. कुठून कुठे किती पावलं, कशाला धरायचं, सगळं ठरलेलं. दोन वर्षं तिने ते एकदाही मोडलं नाही.

पायवाट
काय लिहू. आईंना माझा नमस्कार सांगा.

निळी_शाई
पडायच्या भीतीने चालणं बंद, त्याने पाय आणखी कमजोर, त्याने पडायची शक्यता आणखी जास्त. फार घरांत बघते हे, आणि फार उशिरा कळतं. फिजिओथेरपिस्टकडून तोल सांभाळायचे व्यायाम शिकून घ्या, ६५ च्या पुढे आठवड्यातून तीन दिवस तोलाचे आणि दोन दिवस ताकदीचे असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. डोळे तपासा, चष्मा जुना असेल. बाथरूमला पकडायला दांडा. प्रीगॅबॅलिनने गरगरतंही, त्यामुळे डोस कमी होतोय ते दोन्ही बाजूंनी बरं.

घरी एक तपासणी करून बघा. हात छातीवर घडी घालून खुर्चीतून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं, शेजारी कोणीतरी उभं पाहिजे. ६५ ते ६९ वयाच्या बाईला ११ च्या खाली आलं तर पायात ताकद कमी आहे समजायचं. गुडघ्याबद्दल आईंना हेही सांगा की उतरलेल्या दर १ किलोमागे प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार ४ किलोंनी कमी होतो, म्हणजे ३ किलो उतरले तरी गुडघ्याला कळतं.

रातराणी_अंगणात
मुलीने माणूस लावून दिलंय, मंगळवार आणि शुक्रवार, तीन ते सहा. पहिल्या दिवशी मी चालायला गेले नाही, मी झोपले. शुक्रवारी गेले.

उंबरठा
झोपलात तेच बरोबर केलंत.

चौथी_खोली
बाथरूमला दांडा बसवला. भावाने स्वतः बसवला, ड्रिल मागून आणून, दोनदा चुकलं, भिंतीला तीन जास्तीची भोकं आहेत. बसवून झाल्यावर त्याने स्वतः लटकून बघितलं आणि आईला हाक मारली. ती दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, दोन बोटं खाली हवा होता. त्याने काढून परत बसवला.

रविवारी ती आमच्याबरोबर टेबलावर जेवली.

वजन अजून केलेलं नाही, ती म्हणाली महिन्याने करू. खुर्चीचं मात्र रोज चालू आहे, वहीत लिहून ठेवते, तारीख आणि आकडा, लाल पेनने. पहिल्या दिवशी ५ होते. आज ८.